लेन्स आणि तुझे लाल डोळे

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तुझं सारखं डोळा चोळणं चाललं होतं. लेन्स डोळ्यात असताना चोळायचं नाही, हे आधी. विचारलं तर म्हणालीस, "संध्याकाळी खुपतंच गं, होईल सवय." सवय व्हायची ती सुरुवातीच्या दिवसांत होते. तुला लेन्स लावून वर्ष होत आलं. आता खुपतंय म्हणजे काहीतरी बिनसलंय.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू त्याला मुख्यतः बाहेरच्या हवेतूनच मिळतो आणि लेन्स नेमकी त्याच वाटेत बसते. म्हणून लेन्स लावून झोपायचं नाही, बसमधली डुलकीसुद्धा नको. त्यात तुमच्या ऑफिसातला एसी, आणि कॉम्प्युटरकडे एकटक बघताना पापण्या कमी लवतात. मग लेन्स वाळते आणि चुरचुरतं. झोत तोंडावर येत असेल तर जागा बदलून माग. थेंब घालायचेच तर लेन्सवर चालतात असं लिहिलेले, ओलावा देणारे घाल. लाली घालवणारे नकोत, त्यांनी लाली तेवढी लपते. आणि औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच आणू नकोस, संसर्ग असला तर तो बळावतो.

सकाळी लावल्या लावल्या टोचलं तर लेन्स उलटी आहे का बघ. बोटाच्या टोकावर घेऊन बाजूने पाहायची. कडा वाटीसारख्या वर उभ्या असतील तर सुलटी, बशीसारख्या बाहेर कललेल्या असतील तर उलटी.

मला खरी धास्ती पाण्याची. नळाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकून बुबुळात शिरला तर महिनोन्‌महिने औषधं घ्यावी लागतात, नजरही जाऊ शकते. फिल्टरच्या पाण्यानेही लेन्स धुवायची नाही. आंघोळ, पोहणं लेन्स काढून. हात साबणाने धुवून आधी कोरडे कर. डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून दे, त्यातच भर घालत बसू नकोस. लेन्स तळहातावर घेऊन ताज्या सोल्यूशनने हलकेच चोळ. डबी उघडी, उपडी वाळू दे आणि दर 3 महिन्यांनी नवी घे. मिरच्या चिरायच्या असतील तर आधी लेन्स काढ, बोटांचं तिखट साबणाने लगेच जात नाही.

लेन्स काढूनही डोळा लाल राहिला, ठणकला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसायला लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, सुट्टीची वाट बघू नकोस. काढलेली लेन्स फेकू नकोस, डबीसकट घेऊन जा. कधीकधी त्यांना ती तपासायची असते.

इथे विसरलेला तुझा चष्मा आज कुरिअर केलाय. काचांवर थोडे चरे आहेत, पण नंबर तोच आहे. डोळे निवळेपर्यंत तोच घाल. ऑफिसात फोटो काढतात वगैरे मला सांगू नकोस.

तुझी,
आई