शाळेतील लिनक्सचा मेनू दुरुस्त करण्यासाठी फॉरमॅट कशाला?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्यानंतर धारणी तालुक्यातील आमच्या शाळेच्या जुन्या संगणकांवर आम्ही लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी संगणक प्रणाली टाकली आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडला. संगणक चांगले चालतात. अडचण येते ती ‘शिक्षण’ या मेनूखाली गणित, भूगोल असे उपमेनू करताना, कारण ते एकतर दिसत नाहीत किंवा एकच प्रोग्राम दोन ठिकाणी दिसतो. परतवाड्याहून बोलावलेला मेकॅनिक यावर ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असे सांगतो. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यापायी मुलांनी केलेले काम पुसले जाते, याचे मला अतिशय वाईट वाटते.

उपमेनूत प्रोग्राम उचलून ठेवायचा नसतो. प्रत्येक प्रोग्रामच्या ‘डेस्कटॉप’ नावाच्या माहितीच्या फाइलीत त्याचे वर्ग (कॅटेगरी) लिहिलेले असतात आणि मेनूची फाइल त्यांपैकी हवा तो वर्ग मागते. वर्गाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा, अगदी मोठ्या-लहान लिपीचाही फरक पडला तर उपमेनू रिकामा राहतो, आणि रिकामा उपमेनू दाखवायचा नाही असा मूळ नियमच असल्यामुळे कोणतीही सूचना न येता तो गायब होतो. केजिऑग्राफी या नकाशांच्या प्रोग्रामवर ‘एज्युकेशन’ आणि ‘जिऑग्राफी’ असे दोन्ही वर्ग असतात. म्हणून तो बाहेरच्या ‘शिक्षण’ मेनूतही दिसतो आणि आतल्या भूगोलाच्या उपमेनूतही. बाहेरच्या मेनूत ‘एक्सक्लूड’ची अट लावून जिऑग्राफी वगळले की तो फक्त भूगोलात राहतो.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. होम फोल्डरातील लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरातील ‘मेनूज’ फोल्डरात आपण मेनूची त्याच नावाची स्वतःची फाइल केली की सिस्टीमची मूळ फाइल वाचलीच जात नाही. त्यामुळे आपल्या फाइलीत ‘मर्जफाइल’ची ओळ ‘पेरंट’ या प्रकारासह लिहून मूळ मेनू जोडून घ्यावाच लागतो, नाहीतर बाकीचा सारा मेनू नाहीसा होतो. बाहेरच्या मेनूचे आतले नावही मूळ फाइलीत आहे तसेच, म्हणजे इंग्रजीत ‘एज्युकेशन’ असेच ठेवावे. ते बदलले तर वेगळाच मेनू तयार होतो. मेनूच्या फाइलीत उघडलेला टॅग (कोनी कंसातली खूण) बंद करायचा राहिला का, हे ‘एक्सएमएललिंट’ ही आज्ञा ओळ क्रमांकासह सांगते.

तंत्रस्नेही शिक्षकांच्या प्रशिक्षणात टायपिंग आणि स्लाइड शिकवतात, पण या साध्या मजकुराच्या फाइली उघडूनही दाखवत नाहीत. शिक्षण विभागाने तालुका पातळीवर यासाठी निदान एक सत्र ठेवावे आणि उपमेनूंना मराठी नावे दिलेली तयार फाइल शाळांना पेन ड्राइव्हवर द्यावी, ही विनंती आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

आपला नम्र,
एक शिक्षक, ता. धारणी, जि. अमरावती