तू विचारलंस, खरं कशावरून

बेटा, अस्सलामु अलैकुम,

रविवारी फोनवर तू विचारलंस ना, "अम्मी, इस्लाम खरा हे कशावरून, आपण त्या घरात जन्मलो हे कारण सोडून सांग", तेव्हा मी जेवलास का म्हणून विषय बदलला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. बावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, मुलांना सांगत आले की साधन कुठलं ते आधी विचारा, आणि माझ्याच मुलाने विचारलं तर मी गप्प बसले. म्हणून आज रात्रीची इशाची नमाज झाल्यावर लिहायला बसलेय. लांबलं तरी पूर्ण वाच.

आधी एक सांगते, प्रश्न पडला म्हणजे ईमान गेलं असं काही नसतं. इमाम गझालींनी स्वतः लिहून ठेवलंय की जवळजवळ दोन महिने त्यांचा कशावरच विश्वास राहिला नव्हता, डोळ्याला दिसतं त्यावरसुद्धा. तोंडाने बोलत नव्हते पण आतून तीच अवस्था. एवढ्या मोठ्या आलिमला, धर्मपंडिताला झालं तर तुला हॉस्टेलवर होणारच ना.

आता तुझ्या रूममेटला जे दाखवायचं नाही ते आधी. फॅमिली ग्रुपवर येतो तो चंद्राच्या भेगेचा फोटो, नासाने पैगंबरांच्या काळात चंद्र दुभंगल्याचं सिद्ध केलं म्हणे. ती भेग साधारण ३०० किलोमीटरची एक दरी आहे, चंद्राला गोल वेढा घालत नाही. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि मुसलमान झाला, हेही त्या माणसाने स्वतः नाकारलेलं आहे. मला याचा फार राग येतो बेटा. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये साफ सांगितलंय की फासिक, म्हणजे बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी तपासा, आणि आपणच न तपासता पुढे ढकलतो, तेही दीनच्या, धर्माच्या नावाने. खोट्याचा टेकू लावून खरं उभं राहत नाही, उलट समोरच्याला एक खोटं सापडलं की तो उरलेलं ऐकतच नाही.

तुला निसर्ग वादळ आठवतंय? ३ जून २०२०, कौलं उडाली, वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या, आणि दादांची पत्र्याची ट्रंक उघडली तर आत कागद भिजून एकमेकांना चिकटलेले. तू आणि मी एकेक पापुद्रा सोडवून दोरीवर चिमट्याने वाळत घातले होते, लाइट तर कित्येक दिवस नव्हती. त्यातच तो मोडीतला वाडीचा कागद होता. पुढे हद्दीचा वाद झाला तेव्हा समोरच्यांनीही एक कागद आणला, स्टॅम्प जुना, कागद जुना, आणि आमचा जीव टांगणीला लागला. मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी तो खिडकीपाशी उजेडात धरला आणि म्हणाले, कागद जुना आहे, लिखाण जुनं नाही. अक्षराच्या वळणावरून ओळखलं त्यांनी. तेव्हापासून कुठलाही पुरावा बघितला की मला तेच वाक्य आठवतं.

हे का सांगतेय, तर बर्मिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीत कुरआनची दोन पानं आहेत, चामड्यावर लिहिलेली, सूरह कहफ, मरियम आणि ताहाचा काही भाग. २०१५ ला त्यांच्या कार्बन टेस्टचा रिझल्ट जाहीर झाला, साल ५६८ ते ६४५ च्या मधलं. हुजूर, म्हणजे पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, यांची वफात, मृत्यू ६३२ चा. म्हणजे ते जनावर जिवंत होतं तेव्हा हुजूर, नाहीतर त्यांना पाहिलेली माणसं तरी हयात होती. पण गुरुजींचं वाक्य इथेही लाव, टेस्ट चामड्याची आहे, शाईची नाही. मात्र लिपी हिजाझी, मक्का-मदिन्याकडच्या वळणाची आहे, अगदी सुरुवातीच्या काळातली, आणि मजकूर दादींच्या रेहलवर, कुरआन ठेवायच्या घडवंचीवर उघडा असतो तोच. येमेनमध्ये सनाच्या मशिदीत १९७२ ला दुरुस्ती करताना जुन्या पानांचे ढीगच सापडले, त्यातल्या काही पानांवर खालचं लिखाण पुसून वर परत लिहिलेलं आहे, आणि खालच्या थरात काही शब्द वेगळे आहेत, सूरहचा क्रमही वेगळा आहे. हे लपवू नकोस, रूममेटला तूच सांग. सहाबांकडे, हुजूरांच्या साथीदारांकडे वेगवेगळ्या प्रती होत्या हे आपल्याच जुन्या किताबांत लिहिलेलं आहे. पण त्या पुसलेल्या थरातही तेच कुरआन आहे, वेगळा नबी नाही, वेगळी शिकवण नाही.

आणि साक्ष फक्त आपल्याच माणसांची नाही. सिरियाक भाषेत लिहिणाऱ्या एका ख्रिश्चन पाद्रीने साधारण ६४० च्या सुमारास नोंद केलीय की ६३४ ला गाझाजवळ रोमन फौज आणि "मुहम्मदाचे अरब" यांची लढाई झाली. तो काही कौतुक करत नाही, गरीब गावकरी मारले गेले म्हणून लिहितो, वाचताना वाईट वाटतं. पण म्हणूनच ती साक्ष वजनाची, त्याला आपली बाजू घ्यायचं काही कारणच नव्हतं.

सूरह रूमचंही लोक सांगतात, रोमन हरले पण काही वर्षांत जिंकतील म्हणून. ६१४ ला इराण्यांनी रोमनांकडून जेरुसलेम घेतलं आणि ६२७ ला निनवेजवळ रोमन जिंकले हा इतिहास पक्का आहे. माझा त्या आयतीवर पूर्ण विश्वास आहे, पण ती उतरली नेमकी कधी हे बाहेरच्याला कागदावर दाखवता येत नाही, म्हणून वादात मी ती पहिली काढणार नाही.

मी पहिलं काढेन ते ग्रहण. २६ डिसेंबर २०१९, तू सातवीत होतास, वेल्डिंगच्या दुकानातून काळी काच आणली होती आणि आपण अंगणात तुळतुळीत सारवलेल्या खळ्यात उभं राहून सूर्य खाल्लेल्या भाकरीसारखा होताना बघितला. फणसाखाली सावलीत सगळीकडे छोट्या छोट्या चंद्रकोरी पडल्या होत्या, तू त्या पायाने झाकत होतास. दादा ग्रहणाची नमाज पढायला मशिदीत गेले आणि तू विचारलंस, ग्रहणाला नमाज का? तेव्हा घाईत सांगितलं होतं, आता नीट सांगते.

हुजूरांचा मुलगा इब्राहिम, दोन वर्षांचाही नव्हता, गेला त्या दिवशी मदिन्यात सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणायला लागले की नबींच्या मुलासाठी सूर्यसुद्धा काळवंडला. विचार कर बेटा, जो माणूस स्वतःला मोठं करायला निघालाय त्याला याहून मोठी संधी कुठली, काही बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. आणि ज्याचं लेकरू त्याच दिवशी गेलंय तो उभा राहून सांगतो की सूर्य आणि चंद्र कुणाच्या मरणामुळे किंवा जगण्यामुळे ग्रासत नाहीत, ग्रहण दिसलं की दुआ करा, नमाज पढा. इमाम बुखारींच्या संग्रहात मुगीरा बिन शुअबा या सहाबांकडून ही हदीस, हुजूरांच्या बोलण्याची नोंद आहे आणि ग्रहणाच्या नमाजेची हकीकत इतर सहाबांकडूनही आलीय. रूममेट म्हणेल बुखारी तर दोनशे वर्षांनंतरचे. बरोबर आहे, पण खगोलवाले गणित मागे नेतात तेव्हा २७ जानेवारी ६३२ ला मदिन्यात सूर्यग्रहण मिळतं, आणि आपल्या किताबांतून इब्राहिमच्या मृत्यूचा काळ निघतो तोही साधारण याच्याच आसपासचा. हदीस सांगणाऱ्यांकडे कुठे होतं ते गणित?

मी आई आहे, म्हणून मला ती गोष्ट जास्त भिडत असेल. पण इतिहासाची मास्तरीण म्हणूनही सांगते, साक्षीदार खरा की खोटा हे त्याच्या फायद्याच्या वेळी कळतं. सूरह अबसामध्ये एका अंध माणसाकडे दुर्लक्ष केलं म्हणून खुद्द हुजूरांनाच टोकलंय, आणि ते नमाजेतही पढलं जातं. स्वतः रचलेल्या किताबात कोण ठेवेल हे?

लॉजिकचं म्हणशील तर कुरआन सूरह तूरमध्ये विचारतं, हे लोक कशाशिवायच पैदा झाले, की यांनीच स्वतःला घडवलं? माझ्या अकलेला दोन्ही पटत नाही, म्हणून घडवणारा आहे इथपर्यंत मी अकलेनेच येते. तिथून मक्क्यापर्यंत मात्र अक्कल एकटी नेत नाही, तिथे माणूस लागतो, आणि तो माणूस सच्चा होता इथपर्यंत इतिहास मला आणून सोडतो. ज्याने मुलाच्या मरणाच्या दिवशी खोटा मोठेपणा घेतला नाही, तो अल्लाहच्या नावावर खोटं बोलेल? मी नाही मानत. कार्बन टेस्टमध्ये वही, म्हणजे अल्लाहकडून उतरलेला संदेश, दिसत नाही, दिसणारही नाही. हे शेवटचं पाऊल मी टाकलं ते डोळे उघडे ठेवून टाकलं. तुझं तू टाकायचं, मी ढकलणार नाही, पण दुआ रोज करते.

तांदळाचं पीठ आणि सुका जवळा पार्सल केलाय, शनिवारपर्यंत मिळेल. आणि २ ऑगस्ट २०२७ ला परत सूर्यग्रहण आहे, मक्क्यात खग्रास, आपल्याकडे संध्याकाळकडे खंडग्रास. पावसाचे दिवस, ढग असतील, दिसेल न दिसेल. काळी काच कपाटात जपून ठेवलीय, तेवढी रजा काढून ये.

तुझी अम्मी
श्रीवर्धन