नादारीत राहत्या घराला खरे संरक्षण हवे

महोदय,

बँकेच्या वसुली विभागात अनेक वर्षे काम केल्यामुळे, कर्जात बुडालेला माणूस नादारीच्या (म्हणजे कर्ज फेडण्यास असमर्थ असल्याचे जाहीर करून घेण्याच्या) अर्जाचा विचार करू लागला की पहिला प्रश्न कोणता विचारतो, हे मला ठाऊक आहे. तो विचारतो, ‘साहेब, राहते घर जाईल का?’ खेदाची गोष्ट अशी की, या प्रश्नाचे उत्तर तो कुठे राहतो आणि कशापायी कर्जबाजारी झाला, यावर ठरते.

नादारी व दिवाळखोरी संहिता 2016 मध्ये झाली. पण व्यक्तींसंबंधीचा तिचा भाग लागू झाला तो 1 डिसेंबर 2019 पासून, आणि तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. त्यांचे बोजा नसलेले एकमेव घर शहरात 20 लाख आणि ग्रामीण भागात 10 लाख रुपयांपर्यंतच्या किमतीचे असेल, तर ते धनकोंच्या (कर्ज देणाऱ्यांच्या) वाटणीतून वगळले जाते. मोठ्या शहरात 20 लाखांत कोणते घर येते, हे वाचकांना सांगायला नको.

बाकीच्यांना अजूनही इंग्रजांच्या काळातले कायदे लागू आहेत. मुंबई शहरासाठीच्या 1909 च्या कायद्यातील कलम 52 नुसार नादाराची अवजारे, कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि फर्निचर मिळून 300 रुपयांपर्यंतच्या वस्तू त्याच्याकडे राहतात. घराचा त्यात उल्लेखही नाही. इतरत्र लागू असलेला 1920 चा कायदा जप्तीतून वगळलेली मालमत्ता सांगणाऱ्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 चा आधार घेतो, त्यामुळे शेतकरी, मजूर आणि घरगुती नोकर यांचे राहते घर वाचते. त्याच गल्लीतल्या कारकुनाला किंवा छोट्या दुकानदाराला मात्र ही सवलत नाही, आणि हा भेद मला कधीच पटला नाही.

घर गहाण असेल, तर यातले कोणतेच संरक्षण कामाला येत नाही. बँकांना तारण मालमत्तेवरून थेट वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखालील नोटिशीनंतर 60 दिवसांत थकबाकी भरली नाही, तर बँक ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. म्हणूनच दुकानाच्या कर्जासाठी राहते घर तारण देणाऱ्यांना मी नेहमी दहादा विचार करायला सांगत असे.

घाबरलेली माणसे मग चुकीचा मार्ग धरतात. एक गृहस्थ पत्नीच्या नावे केलेले बक्षीसपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आले होते. वीजबिलावरचे नावही त्यांनी बदलून घेतले होते. अर्ज मात्र अवघ्या आठ महिन्यांनी केला होता. मोबदला न घेता केलेले असे हस्तांतरण अर्जापूर्वीच्या दोन वर्षांतले असेल, तर 1920 च्या कायद्याच्या कलम 53 नुसार ते रद्द करून घेता येते. त्यांचेही तेच झाले. घर गेलेच, शिवाय न्यायालयाचा विश्वासही गेला. वेळेवर कुणी हे समजावले असते, तर कदाचित त्यांनी धनकोंशी हप्त्यांची बोलणी केली असती.

संहितेचा हा भाग केंद्र सरकारने सर्व व्यक्तींना लागू करावा, आणि वगळण्याच्या घराची मर्यादा देशभर एकच आकडा न ठेवता त्या-त्या भागाच्या रेडीरेकनर दराशी (मालमत्तेच्या सरकारी दराशी) जोडावी. राज्यातील खासदारांनी ही मागणी संसदेत मांडावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी