तीन साक्षीदार लागतात

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून सांगायला लागले की आईचे डोळे भरतात आणि बाबा पेपर उघडतात, म्हणून लिहितेय. फोर्टातल्या जुन्या कस्टम हाउसमधल्या विवाह नोंदणी कार्यालयात आम्ही लग्नाची नोटीस दिली आहे. तिचे 30 दिवस पूर्ण झाले की रजिस्टर लग्न, आणि व्हिसा आला की मी समीरकडे लंडनला जाणार. हे आता नक्की आहे.

बाबा, तुम्ही म्हणाला होतात, 'आधी जाऊन बघ, लग्नाचं मग बघू.' मी तेही बघितलं. फियान्से व्हिसावर, म्हणजे लग्न ठरलेल्यांच्या व्हिसावर, जाता येतं, पण तो सहाच महिन्यांचा. त्यात नोकरी करता येत नाही, आणि तेवढ्या मुदतीत तिथेच लग्न करून पुन्हा अर्ज, पुन्हा फी. म्हणजे माझं लग्न तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघायचं? मला नाही चालणार. इथे लग्न करून गेले तर स्पाउस व्हिसा मिळतो, दोन वर्षं नऊ महिन्यांचा, आणि गेल्या गेल्या नोकरी करता येते. पुढे मुदत वाढवता येते आणि सध्याच्या नियमाने पाच वर्षांनी कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. समीरला तिथे कायम राहण्याची परवानगी आहे. वर्षाला 29,000 पौंड उत्पन्नाची अट आहे, त्याचा पगार त्याहून बराच जास्त आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे वर्षाला 1,035 पौंड आधीच भरावे लागतात, ते मी बाजूला काढून ठेवलेत. पीएफला हात लावलेला नाही. टीबीची तपासणी आपल्याकडून तिथे राहायला जाणाऱ्या सगळ्यांनाच करावी लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आत्याचं झालं तसं माझं होणार नाही. माझी नोकरी, माझं खातं, माझा पासपोर्ट, सगळं माझ्याच हातात असेल.

आणि आई, अर्जाच्या निकालाला साधारण 12 आठवडे धरायचे. म्हणजे लग्नानंतरही तीनेक महिने मी घरीच. शेजारच्या काकूंनी विचारलं तर सरळ सांग, व्हिसा यायचाय.

तिथे मेथी मिळते, कढीपत्ताही मिळतो. थंडीचे कपडे घेतले. हिवाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. तू देवापाशी दिवा लावशील तेव्हा माझी जेवायची सुट्टी असेल, रोज तेव्हाच फोन करीन. तुम्हा दोघांना कायमचं तिकडे नेणं त्यांच्या नियमांत फार अवघड आहे, हे आत्ताच सांगते. पण व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. मुंबईतला मे महिना माझ्याकडे काढायचा.

ताप आला की बाबा मला रेल्वेचं टाइमटेबल वाचून दाखवायचे. दादर, ठाणे, कल्याण... कर्जत यायच्या आत मी झोपलेली असायचे. परवा झोप येईना तेव्हा मनातल्या मनात तेच म्हणत होते. बाबा, मला तुमच्यापासून लांब जायचं नाहीये हो. मला त्याच्याजवळ जायचंय.

आता नीट ऐका. दर तीन महिन्यांनी शुगरची तपासणी, आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा, 'नॉर्मल आहे' एवढं चालणार नाही. भायखळ्याच्या रेल्वे हॉस्पिटलात एकटे जायचं नाही, मामाला सांगून ठेवलंय. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाइलवरून कसा द्यायचा ते मी जाण्याआधी शिकवीन. पोलीस किंवा बँकेतून बोलतोय म्हणून कोणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्यायचा. आई, माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी नाही आणलेला. मावशींचे पैसे वाढवलेत, आता त्या केरासोबत भाजीही आणून देतील, तू जिने उतरू नकोस.

लग्नाला तीन साक्षीदार लागतात. मामा हो म्हणालाय. दुसरी सही आई, तुझी. बाबा, तिसरी तुमची. दुसऱ्या कोणाला मी विचारलेलं नाही. आधार कार्ड आणि दोन फोटो पुढच्या आठवड्यात काढून ठेवा.

तुमची,
चिमी