एमएएस वाढवण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, ब्रेनचे सीटी दाणेदार येतात, मी सरळ एमएएस वाढवते." घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसलो. आता लिहितो, रागावू नकोस.

एमएएस वाढवणं म्हणजे क्ष-किरणांचा मारा वाढवणं. दाणे निम्मे करायला डोस चौपट लागतो, आणि तो पेशंटच्या डोक्यात जातो. तुझी अडचण कळते. मेंदूच्या पांढऱ्या आणि करड्या भागांत फरक सीटीच्या मापात जेमतेम आठ-दहा हाऊन्सफिल्ड युनिटांचा, तो दाण्यांत बुडतोच. पण आधी स्लाइसची, म्हणजे चित्रातल्या एकेका कापाची, जाडी बघ. पाऊण मिलिमीटरवर दाणे दिसणारच. त्याच डेटातून पाच मिलिमीटरच्या करून घे. घेताना पातळ, बघताना जाड. कानामागच्या हाडांमधून जे काळे पट्टे मेंदूच्या देठावर पडतात, तेही यानं थोडे निवळतात. आणि केर्नल, म्हणजे चित्र घडवतानाची गाळणी, चुकून हाडांचा राहिला नाही ना? माझा राहायचा.

ज्यांच्या नावाचं हे माप, त्या सीटी शोधणाऱ्या हाऊन्सफिल्डसाहेबांनी १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमधल्या विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ले हॉस्पिटलात पहिल्या पेशंटचा स्कॅन केला, तेव्हा डोकं रबरी टोपीत घालून पाण्याच्या पेटीत धरायचे. एका फेरीला चार-पाच मिनिटं. चित्र अवघं ८० बाय ८० चौकटींचं, तरी त्यात गाठ दिसली! आपल्याला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यातही आपण घाई करतो.

मी केली होती. रात्री दोनला एक आजोबा आले, पडले होते. टेबलावर सारखे हलत होते. डोक्याला मार लागलेला, त्यामुळे असेल म्हणून मी पट्टा आवळला आणि बटण दाबलं. कवटीची कड दुहेरी आली, आत सगळं फरपटलेलं. रक्त आहे की नाही, डॉक्टरांना सांगता येईना. पुन्हा घ्यायला गेलो तर वॉर्डातले मामा म्हणाले, "साहेब, पाय बघा यांचे." बर्फासारखे गार! एसी मशीनसाठी लावलेला, आणि आजोबा पातळ धोतरात कुडकुडत होते. दोन ब्लँकेटं टाकली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज बसवले, हनुवटी खाली घेतली, कानाशी वाकून म्हटलं, "आजोबा, आवाज होईल, घाबरू नका." पाच मिनिटं गेली. दुसरा स्कॅन स्वच्छ. पण त्यांना तो डोस दोनदा बसला, तो माझ्यामुळे.

हनुवटी खाली असली की डोळ्याची भिंगंही किरणांतून बरीचशी वाचतात, हे तुला कॉलेजात सांगितलं असेलच. चित्रात रेघा पाडणाऱ्या अंबाड्यातल्या पिना मात्र हात लावूनच शोधाव्या लागतात. विचारलं तर सगळ्याजणी नाहीच म्हणतात.

तुमच्या सीटीच्या खोलीत ब्लँकेटं आहेत का, कळव. नसतील तर माळ्यावरच्या दोन सोलापुरी चादरी धुऊन ठेवल्यात, येताना ने.

तुझे,
बाबा