बालआरोग्याचे संशोधक हवेत, तर आधी मोजायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की रेडिओलॉजी, त्वचारोग, मेडिसिन यांच्या जागा आधी भरतात आणि पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विषय, पसंतीक्रमात तळाशी जातो. पालक विचारतात, ‘त्यात प्रॅक्टिस कसली?’ निदान पुण्यात तरी हा प्रश्न पडू नये. बालआरोग्याविषयी जगाने दखल घेतलेले काम या शहरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावरच्या गावांत उभे राहिले आहे.

डॉ. बानू कोयाजी स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. पुण्याचे केईएम रुग्णालय सांभाळत असतानाच त्यांनी १९७७ पासून शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक परिसरात गावातल्याच माणसांना आरोग्याचे काम शिकवले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच परिसरात २००२ पासून २२ गावांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची घरोघरी जाऊन नियमित नोंद होते. अशी घडी बसलेली असली, तरच एखाद्या लसीची चाचणी तिथे घेता येते. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरील रोटाव्हॅक या भारतीय लसीची ६,७९९ बाळांवरची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी झाली, त्यातले पुण्याचे केंद्र हेच. ही लस पुढे राष्ट्रीय लसीकरणात आली: तोंडावाटे पाच थेंब, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात.

दुसरे उदाहरण पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातृपोषण अभ्यासाचे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तो सुरू केला. गरोदरपणाचे आठवडे अचूक कळावेत म्हणून विवाहित स्त्रियांच्या पाळीच्या तारखा दर महिन्याला घरी जाऊन नोंदवल्या गेल्या. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पण नुसता वजनकाटा वापरून हे पथक थांबले असते, तर ‘आपली बाळे लहान’ एवढेच कळले असते. त्यांनी कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजणाऱ्या चिमट्याने, पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, त्वचेची घडीही मोजली. वजन, स्नायू, पोटाचा घेर यांच्या तुलनेत तिथली चरबी फारशी कमी नव्हती. वरून बारीक दिसणारे बाळ आतून तितके बारीक नाही, आणि आपल्याकडच्या मधुमेहाची मुळे थेट गर्भापर्यंत जातात, हा विचार त्या काही मिलिमीटरच्या घडीतून पुढे आला. मुलांची पाहणी सोडली नाही, म्हणून २००८ मध्ये पुढची गोष्ट मांडता आली: गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त (दोन्ही जीवनसत्त्वे) असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वांत जास्त होते.

ही कामे नावाजली जातात, पण ती ज्यावर उभी आहेत ते मोजमाप वैद्यकीय विद्यार्थ्याला हातात धरून कोणी शिकवत नाही. आमची खरी तक्रार ही आहे.

जन्मवजनाचेच पाहा. कमी वजनाचे बाळ म्हणजे २,५०० ग्रॅमच्या आतले. पण कोणतेही प्रसूतीचे रजिस्टर उघडा, २,५०० आणि ३,००० वर नोंदींचा ढीग दिसेल. २,४८० चे सोयीसाठी २,५०० लिहिले की ते बाळ कमी वजनाच्या यादीतून बाहेर पडते आणि त्याच्या जास्तीच्या गृहभेटीही जातात. दुसरी चूक वेळेची. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन ७ ते १० टक्के उतरू शकते आणि साधारण १० ते १४ दिवसांत भरून निघते. तिसऱ्या दिवशी घेतलेले वजन ‘जन्मवजन’ म्हणून लिहिले, तर धडधाकट बाळही अशक्त ठरते. काटा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, सपाट आणि टणक जागी ठेवलेला हवा. माहीत असलेले वजन ठेवून तो रोज सकाळी तपासायचा. दुपटे आधी ठेवून शून्य करायचे, मग उघडे बाळ ठेवायचे.

लांबी मोजणे त्याहून अवघड, आणि सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला आडवे झोपवून मोजायचे, पुढच्याला उभे करून. दोन वर्षांच्या आतले मूल झोपायलाच तयार नसेल आणि उभे मोजावे लागले, तर ०.७ सेंमी मिळवायचे. हे मिळवणे हमखास विसरले जाते. आडव्या फळीवर दोन माणसे लागतातच. एकाने डोक्यामागे बसून दोन्ही हातांनी डोके वरच्या फळीला टेकवून धरायचे, बाळाची नजर सरळ छताकडे. दुसऱ्याने एका हाताने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे, दुसऱ्या हाताने सरकती फळी तळव्यांना भिडवायची आणि मिलिमीटरपर्यंत वाचायचे. आधी वेणी, अंबाडा, क्लिपा सोडायच्या. एकटी अंगणवाडीताई हे करू गेली की डोके खाली सरकते, गुडघे वाकतात आणि लांबी कमी भरते. उलट, बाळाने चवडे ताणले आणि फळी टाचेऐवजी बोटांना टेकली, तर ती जास्त भरते.

एका सेंटिमीटरने काय बिघडते? वर्षाच्या मुलग्यासाठी खुजेपणाची रेषा ७१ सेंमीवर आहे. खरी लांबी ७१.५ असताना ७०.५ लिहिली, तर तो खुजा ठरतो. पण तेवढ्यावर भागत नाही. लांबी कमी लिहिल्याने लांबीच्या मानाने वजन पुरेसे दिसू लागते आणि खरोखरच सॅममध्ये (अतितीव्र कुपोषणात) असलेले मूल कागदावर मॅममध्ये (मध्यम तीव्र कुपोषणात) जाते. म्हणजे एकाच चुकीने तालुक्यात खुजेपणा वाढल्यासारखा आणि तीव्र कुपोषण घटल्यासारखे दिसते. अशा आकड्यांवर कितीही भारी संख्याशास्त्र चालवले, तरी उत्तर चुकीचेच येणार.

दंडघेराची पट्टी त्या मानाने सोपी: सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल, डावा हात कोपरात वाकवून खांदा आणि कोपर यांच्या मधला बिंदू काढायचा, मग हात सैल सोडून मोजायचे, पट्टी रुतता कामा नये. ११.५ सेंमीच्या आत म्हणजे सॅम. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का, हेही पाहायचे. सुजेचे पाणी वजनात धरले जाते, त्यामुळे असे मूल नुसत्या काट्यावर सुटून जाते.

मोजण्याइतकेच मोजदादीचे. ‘किती मुले?’ असे विचारले की आई हयात मुले सांगते. प्रत्येक गरोदरपणाचे वेगळे विचारावे लागते. पहिल्याच दिवशी गेलेले बाळ ‘मेलेलेच जन्मले’ असे लिहिले जाते. बाळ रडले का, श्वास घेतला का, हातपाय हलवले का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ती नोंद मान्य करू नये. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, त्यामुळे सासरच्या गावातल्या नोंदीतून बाळ निसटते आणि माहेरच्या गावात ते पाहुणे असते, म्हणून तिथेही कोणी धरत नाही. सातव्या महिन्यातच माहेरचा पत्ता आणि फोन घेऊन ठेवणे हाच त्यावर उपाय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरीच दिलेल्या नवजात सेवेने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये मांडले. जन्म-मृत्यूच्या नोंदी पक्क्या नसत्या, तर ती घट कोणी मान्यच केली नसती. आज आशाताई जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या गृहभेटी देतात, त्यामागे हे काम आहे.

म्हणून पुण्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना आमचे सांगणे आहे. इंटर्नच्या ग्रामीण नेमणुकीचा पहिला आठवडा मोजमापाला द्या. प्रत्येकाने १० मुलांना दोनदा मोजावे, दुसऱ्या वेळी पहिला आकडा समोर नसावा. दोन मोजणाऱ्यांत वजनात १०० ग्रॅम, लांबीत ७ मिलिमीटर, दंडघेरात ५ मिलिमीटर यांहून जास्त फरक आला, तर दोघांनीही पुन्हा मोजावे. जागतिक आरोग्य संघटनेने वाढीचे तक्ते करताना हीच मर्यादा पाळली होती. मग एकाच मोजणाऱ्याच्या दोन आकड्यांतील फरकांचे वर्ग करून बेरीज करावी, मुलांच्या दुप्पट संख्येने भागावे आणि वर्गमूळ काढावे. आपला हात किती चुकतो ते लगेच कळते. एमडीच्या प्रबंधासाठीही ‘मातांचे ज्ञान आणि दृष्टिकोन’ अशा प्रश्नावलीपेक्षा एखाद्या तालुक्यातल्या जन्मवजनाच्या नोंदी किती खऱ्या, हा विषय द्यावा.

आणि गावात रोज फिरणाऱ्या क्षेत्रसेविकांची नावे शोधनिबंधात आभाराच्या ओळीत सामूहिकपणे न उरकता स्वतंत्र द्यावीत. त्यांची नेमणूक प्रकल्पाबरोबर संपते, दुसऱ्या प्रकल्पात नवी माणसे येतात आणि फळी धरण्यापासून सगळे पुन्हा शिकवावे लागते. प्रकल्पांच्या मधल्या काळातही त्यांचे वेतन चालू राहील एवढी तरतूद संस्थांनी आपल्या अंदाजपत्रकात करावी.

आपले,
सार्वजनिक आरोग्य विषयाचे काही अध्यापक, पुणे