झेंडावंदनाच्या सूचनापत्राबद्दल अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: १५ ऑगस्टच्या कार्यक्रमाची सक्ती काढावी आणि ध्वजारोहण नियमाप्रमाणे व्हावे, याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

नोटीस बोर्डावरचे सूचनापत्र वाचले. प्रत्येक सदनिकेतून एक जण आलाच पाहिजे, न येणाऱ्यांची नावे ग्रुपवर टाकली जातील, ५०० रुपये देखभालीच्या बिलात धरले जातील आणि सकाळी सहापासून बारापर्यंत स्पीकर चालू राहील, असे त्यात म्हटले आहे. या चारही गोष्टी मागे घ्याव्यात, ही विनंती. मला झेंडावंदन नको आहे, असा याचा अर्थ काढू नये. ते हवे आहे, आणि मनापासून व्हावे असे वाटते, म्हणूनच लिहितो आहे.

आधी सक्तीबद्दल. ध्वजसंहितेत हजेरीचा उल्लेख कुठेही नाही. १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा ध्वजाची विटंबना करणाऱ्याला आणि राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. घरी थांबणाऱ्याबद्दल तो काही म्हणत नाही. केरळमधली तीन शाळकरी भावंडे राष्ट्रगीताला उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांना परत घ्यायला लावले. आदराने उभे राहणे पुरेसे आहे, न गाणे हा अपमान नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे करणारा नोव्हेंबर २०१६ चा आदेशही याच न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये बदलला आणि ते ऐच्छिक केले. उद्योगपती नवीन जिंदाल यांच्या खटल्यात २००४ साली, सन्मानाने तिरंगा फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क ठरला. हक्क बजावला नाही म्हणून कुणाचे नाव ग्रुपवर टाकता येत नाही.

न येणाऱ्याला देशाबद्दल काही वाटत नाही, हे गृहीत धरणेच मला चुकीचे वाटते. मराठवाड्यातल्या घरांत १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य पोचलेच नव्हते. तिथे निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकली. सिंधी कुटुंबांचे याच स्वातंत्र्याबरोबर कराची सुटले आणि वाट्याला कल्याणजवळची निर्वासितांची छावणी आली. इंग्रजांनी ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते, त्या जमातींवरचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. तोपर्यंत सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणाआड ही माणसे हजेरी देत होती. त्यांचा विमुक्त दिन हा ३१ ऑगस्ट. अशा घरातला माणूस झेंड्याखाली उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात अभिमान असतो आणि सलही असतो. ध्वज वर जाताना गळा दाटून येणे आणि काही प्रश्न मनात तसेच राहणे, हे एकाच माणसात होते. त्याला मोकळेपणाने येऊ द्यावे आणि वाटल्यास मागे उभे राहू द्यावे. घोषणा देणाऱ्यांनी जरूर द्याव्यात, पण न देणाऱ्याकडे वळून पाहू नये.

आता प्रत्यक्ष ध्वजाबद्दल. खरे तर समितीने सगळे लक्ष इथे द्यायला हवे.

१५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवतात, २६ जानेवारीला तो वर आधीच बांधलेला असतो आणि फक्त उलगडतात. सोसायट्यांमध्ये दोन्ही दिवशी पुरचुंडी करून वर बांधण्याची पद्धत पडली आहे आणि बहुतेक फजिती तिच्यामुळेच होते. गाठ घट्ट बसते, पावसात भिजलेली सुती दोरी फुगते, झटका दिला की पुरचुंडी उघडण्याऐवजी आणखी आवळते. मग दहा जण खालून सूचना देत राहतात. पुरचुंडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही, पण ऑगस्टच्या ओलसर हवेत त्या कापडाला चिकटतात आणि डाग पडतात. म्हणून या वेळी पाकळ्यांचा आग्रह सोडावा आणि ध्वज उघडाच झपाझप वर न्यावा. ध्वज चढवायचा वेगाने आणि उतरवायचा सावकाश, हाच नियम आहे. गाठच नसली तर अडकायला काही उरत नाही. जानेवारीत मात्र सरकगाठ लागेल. तिचे सुटे टोक ओढायच्या बाजूला राहील असे पाहावे आणि आदल्या दिवशी त्याच मापाचे साधे कापड बांधून तीनदा ओढून बघावे.

ध्वज उलटा जातो तो बांधताना. नेफ्यातून गेलेल्या दोरीच्या एका टोकाला लाकडी गुल्ली असते, दुसऱ्याला फास. गुल्लीचे टोक केशरी पट्ट्याकडे असते आणि तेच वर जाते. स्वस्त ध्वजांना गुल्ली नसते, दोन्ही टोके सारखी दिसतात, त्यात ध्वज घडीत असतो आणि बांधणारा घाईत. यावर उपाय सोपा आहे: आदल्या संध्याकाळी ध्वज पूर्ण उलगडून केशरी बाजूच्या टोकाला रंगीत दोरा बांधून ठेवावा.

खांबाची दोरी उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त हवी. २० फुटी खांबाला ४५ फूट. तिची दोन्ही टोके एकमेकांना बांधून फेरा बंद करावा. हे केले नाही आणि एक टोक हातातून सुटले, तर ते सरळ कप्पीपर्यंत जाते आणि ते आणायला कुणाला तरी शिडी लावून वर चढावे लागते. आपल्या गच्चीच्या शेवाळलेल्या फरशीवर ते धोक्याचे आहे. कप्पीला तेल घालावे आणि दोरी जाड घ्यावी. बारीक दोरी खाचेतून उडून चाक आणि चौकट यांच्या फटीत अडकते. गुळगुळीत नायलॉनला साधी गाठ धरत नाही, तिला दुहेरी गाठ मारावी.

आपल्या खांबाला ९०० × ६०० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण ३ बाय २ फुटांचा ध्वज पुरतो. प्रमाण ३:२ च हवे आणि चक्रात २४ आरे. बाजारात चौरसाकडे झुकलेले, चक्र लंबगोल झालेले ध्वज सर्रास मिळतात, ते घेऊ नयेत. डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टर चालते आणि ते पावसात लवकर सुकते, हे खरे. तरीही मी खादीचाच आग्रह धरीन. ध्वजाची खादी आपल्याच नांदेडात तयार होते. सूचनापत्रात ध्वजावर सोसायटीचे नाव छापण्याचा उल्लेख आहे, तो काढून टाकावा. ध्वजावर कोणतीही अक्षरे चालत नाहीत. तसेच टेबलावर ध्वज अंथरू नये. व्यासपीठावर लावायचा असेल तर वक्त्याच्या मागे भिंतीवर, त्याच्या डोक्याच्या वर लावावा.

जुलै २०२२ पासून ध्वज रात्रीही ठेवता येतो. या सवलतीचा अर्थ महिनोन् महिने विसरावा असा नाही. वाऱ्याने आधी मोकळी कड उसवते, मग हिरवा आणि केशरी पट्टा चिंध्या होऊन लोंबतो. सूर्यास्ताला उतरवावा आणि ओला असेल तर सावलीत पसरून वाळवूनच घडी करावी. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी अशी घडी घालायची की वर चक्र आणि दोन्ही रंगांची कडा दिसेल. फाटलेला ध्वज कचऱ्यात किंवा पुसायच्या कापडात जाता कामा नये. तो खाजगीत, मान राखून, पूर्ण जाळावा.

मुलांना कागदी झेंडे द्यावेत, प्लास्टिकचे नकोत. ते ज्याने वाटले त्यानेच १६ तारखेला सकाळी गोळा करावेत. त्यासाठी दोन जणांची नावे आत्ताच ठरवावीत. जिन्यात आणि गटारापाशी पडलेले झेंडे उचलणे हे सफाई कामगारांवर सोडू नये.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे आहे आणि त्याला स्पीकर लागत नाही. ध्वनिमुद्रित चाल बहुधा उंच पट्टीत असते, लोक पहिल्या ओळीनंतर गप्प होतात आणि यंत्रच गात राहते. एकाने खालच्या पट्टीत उचलून द्यावे, बाकीचे साथ देतील. सहा तास गाणी नकोत. रहिवासी भागाची दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि आपल्याकडे आजारी माणसे आहेत. भाषणांऐवजी कुणीतरी पाच मिनिटे सोलापूरबद्दल सांगावे: १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन. ही चार नावे मुलांना पाठ असावीत, असे मला फार वाटते.

वर्गणी ऐच्छिक ठेवावी. सर्वसाधारण सभेने मंजूर न केलेली रक्कम बिलात येऊ नये. ध्वज, दोरी आणि चहा एवढा खर्च आपसूक जमेल. त्या दिवशी कामावर येणाऱ्या सुरक्षारक्षकांना आणि सफाई कामगारांना दुप्पट रोज किंवा बदली सुट्टी द्यावी. त्यांना खुर्च्या मांडायला न लावता रांगेत बोलवावे आणि दोरी ओढण्याचा मानही या वेळी त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या माणसाला द्यावा.

१४ तारखेला संध्याकाळी सहा वाजता खांबाजवळ तालीम ठेवल्यास मी येईन. कप्पीला तेल घालणे आणि दोरी बदलणे माझ्याकडे द्यावे.

आपला विश्वासू,
एक सभासद